शिबिराच्या पत्रकात नसलेल्या गोष्टी

एप्रिल लागला की दोन गोष्टी हमखास उगवतात. एक, चौकाचौकात लागलेले उन्हाळी शिबिरांचे फलक. आणि दोन, त्या फलकांवर तुटून पडणारे लेख. फलक म्हणतो, 'दहा दिवसांत एकवीस कला, प्रवेश मर्यादित'. लेख म्हणतो, आमच्या वेळी मामाचं गाव होतं, कैऱ्या होत्या, माळवदावर पत्त्यांचा डाव होता, आजच्या पोरांचं बालपण आईबापांनी विकून खाल्लं. मग नोकरी करणारे आईबाप चिडून विचारतात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मूल कुठे ठेवायचं ते सांगा, नाहीतर या सांभाळायला. इथे वाद संपतो आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शिबिर हवं की नको, या प्रश्नात सगळ्यांची हयात चालली आहे. चांगलं शिबिर ओळखायचं कसं, हे मात्र कुणी बोलत नाही. पत्रकात काय काय शिकवणार त्याची यादी वाचून शिबिर निवडणं ही मुळात चूक आहे. शिबिर निवडावं ते मुलांबरोबर तिथे किती आणि कोण मोठी माणसं असणार, आणि दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात काय चालणार, एवढ्यावरून. पत्रकात नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

आधी विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही. मुलाला रिकामा वेळ लागतो. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९२ साली संमतीची मोहोर उठवली, त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हे मुलाचे हक्क म्हणून लिहिलेले आहेत. म्हणजे हा नुसता गतकाळाचा उमाळा नव्हे. दुपारी गच्चीच्या जिन्यात बसून 'आता काय करू' म्हणणारं मूल तासाभराने काहीतरी उद्योग काढतंच, आणि तो उद्योग त्याचा स्वतःचा असतो. सकाळी सातला पोहणं, नऊला हस्ताक्षर, अकराला ॲबॅकस, चारला कीबोर्ड असा मे महिना ज्याच्या वाट्याला येतो, त्याची शाळा सुटलेलीच नसते. फक्त गणवेश बदललेला असतो. अशा पालकांची बाजू घ्यायचं काही कारण नाही.

पण म्हणून मामाच्या गावाची आठवण जशीच्या तशी पुरावा म्हणून चालेल का? त्या आठवणीत मामी कुठे असते? दहा-बारा भाचरं महिनाभर घरात, दोन वेळच्या भाकऱ्या, आंब्याच्या अढ्या उलथायच्या, वाळवणं राखायची, पडलेल्याच्या गुडघ्याला हळद लावायची, भांडणं सोडवायची. हे सगळं बिनपगारी काम करणारी दोन-तीन बायकामाणसं त्या घरात होती, म्हणून ती सुट्टी 'मोकळी' वाटली. पोहायला विहिरीवर पोरं एकटी जात नसत. कुणी काका कमरेला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून एकेकाला पाण्यात सोडत असे आणि स्वतः पायरीवर उभा राहत असे. जिथे असा काका नव्हता, तिथे काय व्हायचं हे गावोगावच्या विहिरींना ठाऊक आहे. त्या गोष्टी आठवणींच्या लेखांत येत नाहीत. म्हणजे मामाचं गाव हेही एक शिबिरच होतं. बारा मुलांमागे चार-पाच मोठी माणसं, त्यातलं एक कायम ओटीवर बसलेलं. पत्रक तेवढं छापलेलं नव्हतं.

शिवाय हिशेब करून पाहा. शाळेचा निकाल १ मेला लागतो आणि विदर्भ सोडून बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे सुट्टी साधारण ४५ दिवसांची. जागेपणीचे दिवसाला १४ तास धरले तर ६३० तास. रोज तीन तासांचं दहा दिवसांचं एक शिबिर यातले ३० तास घेतं, म्हणजे शेकडा पाचाहूनही कमी. एवढ्याने बालपण हरवत असेल तर ते आधीच बरंच पातळ झालेलं असणार. हरवतं ते उरलेल्या ६०० तासांत. त्या तासांत घरी मोठं माणूस नसतं, वाडीत खेळायला जागा नसते, आणि हातात फोन असतो. त्याचं खापर शिबिरावर फोडणं सोपं जातं, इतकंच.

मोठ्या माणसांचा मुद्दा नवा नाही. मुलांना सुट्टीत घराबाहेर एकत्र नेण्याच्या चळवळीचा इतिहास पाहिला तर पहिल्यापासून तोच कणा दिसतो. १८७६ साली झुरिकचे पाद्री हर्मान वाल्टर बियोन यांनी शहरातली गरीब, अशक्त मुलं अपेनझेलच्या डोंगरात नेली, तेव्हा हवा आणि अन्न एवढाच कार्यक्रम होता. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं बालवीर (स्काउट) शिबिर घेतलं. मुलं वीसच्या आसपास. तेवढ्याही मुलांचे त्यांनी चार गट पाडले आणि प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच एक थोरला मुलगा नायक नेमला. आपल्याकडे १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, त्याच्या शाखा आणि शिबिरं गाणी-खेळांवर चालली. पण ती चालवणारे दादा आणि ताया मुलांना नावानिशी ओळखत. यांपैकी कुणीही 'दहा दिवसांत एकवीस कला' असा दावा केला नव्हता. गट लहान, जबाबदार माणूस ठरलेला, दिवस सैल. आजच्या फलकावरून नेमके हेच तीन गुण गळाले आहेत.

आता त्या एकवीस कलांकडे वळू. दहा दिवस, रोज तीन तास, म्हणजे ३० तास. येणं, हजेरी, एक प्रार्थना किंवा गाणं यात रोजची २० मिनिटं जातात. खाऊची २५. हात धुणं आणि स्वच्छतागृहाची २०. शेवटची आवराआवर १०. झाली सव्वा तासाची वजाबाकी. दहा दिवसांत साडेबारा तास. शेवटचे दोन दिवस स्नेहसंमेलनाच्या तालमीत आणि कार्यक्रमात जातात, आणखी साडेतीन तास गेले. उरले १४. त्याला एकवीसने भागा. प्रत्येक कलेला ४० मिनिटं. चाळीस मिनिटांत वारली चित्रकला 'शिकता' येत असती तर डहाणू-तलासरीकडच्या बायकांनी भिंतींवर आयुष्यं कशाला घालवली असती?

मातीकामाचा एक तास जवळून पाहिला की सगळं शिबिर कळतं. शाडूची माती, चाळीस मुलं, दोन टेबलांवर पसरलेली वर्तमानपत्रं. आयोजकाने विचार केलेला नसेल तर मातीचा गोळा मुलांच्या हाती पडेपर्यंत दहा मिनिटं जातात, कारण माती आदल्या रात्री भिजवून, मळून, ओल्या फडक्यात झाकून ठेवलेली नसते. कोरडी पूड आणि पाणी तिथेच कालवलं जातं आणि ती हाताला चिकटते, आकार धरत नाही. मग अर्धा तास गणपती, साप, चपाती. खरी मजा पुढे आहे. चाळीस मुलं, एक बेसिन. शाडू निघायला एका मुलाला एक मिनिट धरा; रांग चाळीस मिनिटांची. तेवढ्यात मागची मुलं एकमेकांच्या शर्टाला हात पुसतात, आणि शाडू खाली बसून बेसिनची जाळी तुंबते. ज्या शिबिरात अंगणात दोन बादल्या, एक मग आणि जुन्या साडीची फडकी आधीच मांडलेली असतात, हात आधी बादलीत आणि मग नळाखाली धुवायचे असा क्रम लावलेला असतो, आणि बादलीतलं पाणी झाडाच्या आळ्यात ओततात, तिथे कुणीतरी हे पूर्वी केलेलं आहे. फलकावर 'क्ले मॉडेलिंग' दोघांच्याही असतं.

अशाच मधल्या वेळात मुलं एकमेकांना चिडवतात, मैत्री करतात, कोपऱ्यात रडतात, गच्चीच्या दाराला हात घालतात. त्या वेळी तिथे माणूस हवं. किती? अमेरिकन कॅम्प असोसिएशनने दिवसाच्या शिबिरांसाठी घालून दिलेलं प्रमाण असं आहे: पाच वर्षं आणि त्याखालच्या सहा मुलांमागे एक, सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागे एक, नऊ ते चौदाच्या दहांमागे एक, पंधरा ते अठराच्या बारांमागे एक. ही काही वेदवाक्यं नव्हेत, पण अनुभवातून आलेले आकडे आहेत. आपल्याकडे एका हॉलमध्ये चाळीस मुलं, एक शिकवणारे सर आणि एक ताई हे चित्र सर्रास दिसतं. विचारलं तर उत्तर मिळतं, 'आमच्याकडे बारा तज्ज्ञ आहेत.' हे बारा तज्ज्ञ वेगवेगळ्या वेळी येतात. मोजायचं ते एका वेळी हॉलमध्ये उभं असलेलं माणूस. सुतारकाम शिकवणाऱ्या सरांचं लक्ष करवतीवर असतं, असायलाच हवं. म्हणून शिकवणारा त्या तासापुरता मोजायचा नाही. पंधरा वर्षांचा 'दादा' कितीही गुणी असला तरी मोठं माणूस म्हणून मोजायचा नाही. आणि नोंदणीच्या टेबलावर पावत्या फाडणाऱ्या काकूही नाहीत.

यावर आयोजकांची एक तक्रार रास्त आहे. बरीच शिबिरं नाटक करणारी, बालवाडी चालवणारी, चित्रकला शिकवणारी तरुण मंडळी चालवतात. हॉलचं भाडं, साहित्य, जाहिरात भागवून हाती फार उरत नाही. माणसं वाढवली तर फी वाढेल आणि मुलं येणार नाहीत. पण आकडे मांडून पाहू. समजा तीस मुलं, सहा ते आठ वयाची, फी साडेतीन हजार. दोन तायांच्या ऐवजी चार ठेवायच्या. एका ताईला दिवसाला सातशे धरले तर दोन जादा तायांचे दहा दिवसांचे चौदा हजार. प्रत्येक मुलामागे पावणेपाचशेच्या आत. आता त्याच शिबिरात वाटले जाणारे टी-शर्ट, टोपी, पदक आणि जाड कागदावरचं प्रमाणपत्र यांचा खर्च काढा. तोही साधारण तेवढाच भरतो. म्हणजे पैसे नाहीत असं नाही, ते टी-शर्टात गेले. टी-शर्ट फोटोत दिसतो, ताई दिसत नाही. आयोजकाला दोष द्यावा तर पालकही टी-शर्टाबद्दलच विचारतात. तायांची संख्या विचारणारा पालक आला तर आयोजक बिचकतो, कारण असा प्रश्न त्याला कुणी केलेलाच नसतो.

उन्हाचा विषय तर फलकांवर 'समर' या एका शब्दात उरकलेला असतो. हवामान खात्याच्या निकषात उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात तापमान ४० अंशांना पोचल्यावर सुरू होतो, किनाऱ्यावर ३७ ला. किनाऱ्याचा आकडा कमी का? दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचे जीव गेले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. ती मोठी माणसं होती, तहान लागल्याचं सांगू शकणारी. मुलाचं शरीर वजनाच्या मानाने भराभर तापतं, आणि खेळात रंगलेलं मूल पाणी मागत नाही. म्हणून मैदानी खेळ दहाच्या आत संपले पाहिजेत. नागपूर-अकोल्याकडे शिबिरच साडेसहाला सुरू व्हावं आणि साडेनऊला मुलं घरी असावीत. 'इनडोअर आहे, काळजी नको' यावर विसंबू नका. वर पत्रा असेल तर अकरा वाजता आतली हवा अंगणापेक्षा वाईट असते. छत कशाचं आहे आणि दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत का, हे मान वर करून पाहावं. तीस मुलांना तीन तासांत माणशी अर्धा लिटर धरलं तरी पंधरा लिटर पाणी नुसतं प्यायला लागतं; वीस लिटरचा एक जार काठावर पुरतो, आणि त्यातूनच हात धुणार असतील तर पुरत नाही. दर अर्ध्या तासाला खेळ थांबवून सगळ्यांना पाणी पाजणारी ताई मुलांना नकोशी होते. तीच ताई हवी.

एखादं मूल गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळलं तर त्याला सावलीत निजवून कपडे सैल करायचे, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, शुद्धीवर असेल तर ओआरएस घोट घोट द्यायचं. एक पुडी एक लिटर पाण्यात. पेलाभर पाण्यात सगळी पुडी ओतणारे महाभाग असतात, त्याने अपायच होतो. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल असंबद्ध बोलू लागलं, शुद्ध हरपली, अंग भाजल्यासारखं तापलं तर तोंडात काही घालायचं नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा सुरू ठेवायचा. शिबिरातल्या निदान एका माणसाला हे पाठ हवं. विचारून पाहा, तो चाचरला तर एकवीस कलांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

मुलांच्या सुरक्षेची दुसरी बाजू बोलायला अवघड वाटते, म्हणून पालक ती टाळतात. शाळेला मान्यता लागते, तपासणी होते; दहा दिवसांच्या शिबिराला अशी मान्यता घ्यावी लागत नाही. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांची ताकीद दिली. भाड्याच्या हॉलमध्ये भरणारं शिबिर त्या चौकटीत बसत नाही. पण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा तिथेही लागू आहेच. मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना सांगणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ते दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आपसात मिटवू' हा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. पालकाने विचारायचं ते साधं आहे. लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं? एक माणूस एका मुलासोबत बंद खोलीत कधी असतं का? हॉलच्या इमारतीत त्या वेळी आणखी कोण वावरतं: मांडववाले, वॉचमन, वरच्या मजल्यावरची लग्नाची बोलणी? घ्यायला कोण येणार त्यांची नावं लिहून घेतात का, आणि यादीबाहेरचा 'मी त्याचा काका' आला तर काय करतात? प्रवेशअर्जात दमा, फिट, ॲलर्जी यांचे रकाने आहेत का? आपल्या खाऊत शेंगदाणा सगळीकडे असतो, चिक्कीपासून पोह्यांपर्यंत; ज्या एका मुलाला तो चालत नाही, त्याचं नाव खाऊ वाटणाऱ्या ताईला माहीत हवं, फायलीला असून उपयोग नाही.

पालकांची म्हणून एक बाजू आहे, तिला झटकता येत नाही. पैसे मोजले तर काही दिसायला नको? मूल काय शिकलं हे कशावरून कळणार? प्रश्न चुकीचा नाही, उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधलं जातं. शेवटच्या दिवशी मांडलेल्या प्रदर्शनातले तीसच्या तीस कागदी मुखवटे सारखे, कडा सरळ कापलेल्या आणि डिंक कुठेही न सांडलेला, असे असतील तर ते तायांनी रात्री बसून केलेत. वाकडेतिकडे, एकात तीन डोळे, एकाला कानच नाहीत, असे असतील तर ते मुलांचे. तोच निकाल. स्नेहसंमेलनात नाच बसवायला दोन-तीन दिवस जात असतील तर ते शिबिर पालकांसाठी भरलेलं आहे. आणि ज्याचा परिणाम खात्रीने 'दिसतो', त्यापासून तर दूरच राहावं. डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला, पुस्तक वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन'वाले याचा कळस. पट्टी बांधलेल्या मुलाला नाकाच्या बाजूच्या फटीतून खाली दिसतं, म्हणून ते पुस्तक नेमकं हनुवटीच्या खाली धरतं. कपाळासमोर धरायला सांगा, मेंदूची सगळी शक्ती त्या क्षणी संपते. यासाठी हजारो रुपये मोजून मुलाला मिळतं ते एकच शिक्षण: मोठ्यांसमोर खोटं कसं वठवायचं.

खरोखर काही शिकवायचंच असेल तर एक गोष्ट आणि पुरेसे दिवस. मुंबई महापालिकेच्या तलावांवर उन्हाळी पोहण्याची बॅच २१ दिवसांची असते, ते उगाच नाही. पहिला आठवडा पाण्याची भीती जाण्यात, श्वास सोडण्यात, काठ धरून पाय मारण्यात जातो. एकवीस कलांच्या शिबिरातल्या दोन 'स्विमिंग सेशन'मध्ये मूल फक्त पाण्यात उतरायला धजावतं आणि आपल्याला येतं असं समजतं. पोहता न येण्यापेक्षा ही स्थिती धोक्याची. तिथे काठावरच्या माणसाच्या हातात फोन नको. बुडणारं मूल हाका मारत नाही, पाणी उडवत नाही. ते गप्प उभं राहिल्यासारखं दिसतं आणि खाली जातं.

तेरा ते सोळा वयाच्या मुलांचा विचार तर या सगळ्या वादात कुणाच्या खिजगणतीत नसतो. 'वय ५ ते १५' असं लिहिलेलं शिबिर हे पाच ते नऊचं असतं; वरच्यांना मागे बसवून ओरिगामी करायला लावतात, तीन दिवसांत ती यायची बंद होतात. या वयाला करमणूक नको, काम हवं. नाट्यशिबिरात त्यांना राजपुत्र न करता प्रकाशयोजना आणि रंगमंचाच्या मागची बाजू द्यावी. सायकलची चेन, ब्रेक, पंक्चर स्वतः करायला द्यावं. लहान मुलांच्या गटाचा नायक करावं, मात्र वर मोठं माणूस ठेवून. ब्राउनसीच्या त्या चार नायकांना हेच मिळालं होतं. गिर्यारोहण किंवा रॅपलिंग असेल तर महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते कागद मागून पाहावं, 'बावीस वर्षांचा अनुभव' ऐकून घेऊ नये. आणि नववीतून दहावीत जाणाऱ्याच्या मे महिन्यात क्लासने व्हेकेशन बॅच लावली असेल, तर त्या घरात शिबिराची चर्चा व्यर्थ आहे. तिथे आठवड्याचे दोन दिवस तरी सोडवून घेता आले तर पाहावं.

मग शिबिर पाहावं कसं? पहिल्या दिवशी जाऊ नका, तो सजवलेला असतो. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला न सांगता जा, म्हणजे मधली वेळ सापडेल. दाराबाहेर पाच मिनिटं उभं राहून आवाज ऐका. मुलांचा गलका चालतो, मोठ्यांचं सतत ओरडणं चालत नाही. आयोजकाला विचारा, गेल्या वर्षी काय बिघडलं होतं? 'काहीच नाही' म्हणणाऱ्याने एकतर शिबिर घेतलेलं नाही, किंवा पाहिलेलं नाही. 'एका मुलीचा हात कटरने कापला, तेव्हापासून कटर ताईकडेच असतो' असं सांगणाऱ्याकडे मूल सोडायला हरकत नाही.

उरला सर्वांत जड आक्षेप. हे सगळं साडेतीन हजार मोजू शकणाऱ्यांचं झालं. ज्यांची आई चार घरची कामं करते आणि बाप साइटवर असतो, त्यांच्या मुलांनी ४५ दिवस काय करायचं? आक्षेप खरा आहे, आणि 'शिबिरं म्हणजे बाजार' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो उचलून धरायला हवा होता. ते मामाच्या गावात रमले. खाजगी शिबिरं बंद केल्याने या मुलांना काही मिळणार नाही. मिळेल ते सार्वजनिक जागा उघडल्याने. १९६७ च्या कायद्याखाली चालणारी हजारो अनुदानित वाचनालयं राज्यात आहेत, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी बालविभागाचं कपाट आहे. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. शिक्षकांना सुट्टी हवी, निवडणुकीची नि प्रशिक्षणाची कामं असतात, हे मान्य; त्यांना बोलावू नका. शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड. करणारी मुलं-मुली, राष्ट्रीय सेवा योजनेतले विद्यार्थी, एखादी निवृत्त बाई, रोज सकाळचे तीन तास, दहा मुलांमागे एक. खेळाचं साहित्य म्हणाल तर चार दोर, दोन चेंडू, खडू आणि गोष्टीची पुस्तकं. खर्च माणसांच्या मानधनाचा, आणि तो एका उद्‌घाटनाच्या मांडवाहून जास्त नसेल.

जागा तर तयार आहे. शाळेत मे महिन्यात पंखे असतात, नळ असतात, मुलींची स्वच्छतागृहं असतात, अंगणात बहुधा एखादं चिंचेचं किंवा कडुलिंबाचं झाडही असतं. २ मेपासून फाटकाला कुलूप लागतं. वस्तीतली पोरं मागच्या भिंतीवरून उड्या टाकून आत क्रिकेट खेळतात, आणि अकराच्या उन्हात रखवालदार त्यांना काठी घेऊन बाहेर काढतो.